चौथी मूठ

पडद्यावर चार रेघा होत्या: लाल, निळी, हिरवी आणि काळी. पहिल्या तिन्ही पायरीगणिक वर उसळत होत्या, खाली येत होत्या, पुन्हा उसळत होत्या. काळी मात्र पहिल्या दोन-चार पायऱ्या जेमतेम मान वर करून जी तळाला जाऊन पडली ती शेवटपर्यंत उठली नाही. "ही काळी झोपली की काय?" मिस्त्री म्हणाला. "वायर तुटली असेल," असं म्हणत मोजणीवाल्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि तो खुर्चीखाली वाकला. वर्कशॉपच्या माळ्यावरून खाली येणारा अठरा पायऱ्यांचा जिना, जिन्याच्या तळाशी नुकतीच आणून टेकवलेली ती खुर्ची, खुर्चीवर माणसाऐवजी पट्ट्यांनी बांधलेली पंचावन्न किलो वाळूची पोती, आणि चार कोपऱ्यांना चार मुठी. ज्याला जिना उतरता येत नाही अशा माणसाला चौघांनी मिळून खाली आणायची ही खुर्ची. प्रत्येक मुठीच्या पोटात एक सेन्सर होता. कुणाच्या हातावर किती वजन आलं ते तो पडद्यावर काढून दाखवायचा. मोजणीवाल्याने काळ्या मुठीची वायर ओढून पाहिली, हलवून पाहिली, शेवटी मूठच हाताने वर उचलली. पडद्यावरची काळी रेघ ताडकन उभी राहिली. वायर ठणठणीत होती. "मग ह्या मुठीवर होतं कोण?" रंगाऱ्याने विचारलं, आणि विचारता विचारता त्याचं त्यालाच आठवलं असावं, कारण त्याने एकदम जीभ चावली. नेहमीचा पॅकिंगवाला आज रजेवर होता. चौथा माणूस मिळेना म्हणून खुर्चीचा आराखडा करणारी बाई स्वतःच पुढे झाली होती. "अहो मॅडम," मिस्त्री हसत म्हणाला, "म्हणजे तुम्ही आपला नुसता हात लावलात होय!" सगळे हसले. तीही हसली. हसताना तिने उजवा हात पाठीमागे नेला, कारण त्याचा तळवा लालभडक झाला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी पाण्याने भरलेला फोड टरारून वर आला होता.

घरात तिला धाकटी म्हणत. सेहेचाळीस पूर्ण झाली, केस निम्मेअधिक पिकले, तरी घरच्यांच्या लेखी ती धाकटीच. बेसिनपाशी जाऊन धाकटीने तळव्यावर नळ सोडला. दंड भरून आला होता, मानेची शीर ठणकत होती, पाठीवर घाम होता. आपण चौघांतलं आपल्या वाट्याचं वजन अठरा पायऱ्या उतरवून आणलं, हे तिने कुणापुढेही शपथेवर सांगितलं असतं. मोजणीवाला हात धुवायला आला आणि तिचा चेहरा बघून म्हणाला, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. दुसरा आकडा बघितलात का? मूठ किती आवळली जाते तेही आपण मोजतो ना. त्यात तुमची काळी रेघ सगळ्यांच्या वर आहे. मिस्त्रींच्या दुप्पट." "म्हणजे?" "म्हणजे तुम्ही आवळलीत जोरात, उचलली नाहीत. होतं असं पुष्कळांचं. अंगाला फरक कळत नाही." "कळतच नाही?" "तुम्हाला कळला का?" तो अगदी भाबडेपणाने म्हणाला, हात झटकले आणि चहाला निघून गेला. पाणी वाहत राहिलं. फोडावर पडणारी धार आधी गार लागत होती, मग झोंबायला लागली, तरी तिने नळ बंद केला नाही. अंगचोर हा शब्द आजवर तिला कुणी लावला नव्हता. उलट कामाला वाघ, एकदा धरलं की सोडत नाही, असंच जो तो म्हणायचा. आणि धरलं होतंच की तिने. सोडलं कुठे होतं?

तिचं सगळं नाव ह्याच कामावर झालेलं होतं. एकापेक्षा जास्त माणसांनी मिळून धरायच्या वस्तू. एकट्याची वस्तू कुणीही करतो; एका हाताला काय हवं ते एका हाताला विचारून कळतं. पण दोघांनी धरायची शिडी, रोग्यासकट चौघांनी उचलायचं दवाखान्यातल्या पलंगाचं कापड, सहा पोरांनी वर्गातून मैदानावर न्यायचं लांबलचक टेबल, ह्यात एक उंच असतो, एक बुटका, एक घाईचा, एक रडतराऊत, आणि वस्तू तर एकच. बारा वर्षांपूर्वी तिने बैठकीखाली बसवायची एक आडवी पट्टी शोधून काढली. मधोमध एका खिळीवर डोलणारी. चौघांपैकी एकाचा हात ढिला पडला तर ती पट्टी किंचित फिरायची, वजन गुपचूप बाकीच्या तिघांत वाटून द्यायची आणि बैठक होती तशी सपाट राहायची. साहेब ह्या पट्टीवर जाम खूश. गिऱ्हाईक आलं की साहेब बैठकीवर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ठेवायचे, चौघांना ती वस्तू उचलायला लावायचे आणि मग त्यातल्या एकाला खूण करायचे, की सोड. तो सोडायचा. पाण्याचा थेंब सांडायचा नाही. गिऱ्हाईक टाळ्या वाजवायचं. "एकाचा हात सुटला तरी कुणाला पत्ता लागत नाही," साहेब म्हणायचे, "अशी वस्तू आमच्या बाई करतात." हे वाक्य तिने शंभरदा ऐकलं असेल. ऐकून शंभरदा सुखावली असेल. आज बेसिनवरच्या आरशात बघताना ते तिला पुन्हा ऐकू आलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसून ती फोडाभोवतीची कातडी दुसऱ्या हाताच्या नखाने चाचपत राहिली आणि तिच्या नाकात ओल्या लाकडाचा वास आला. बसमध्ये लाकूड कुठलं? तो वास होता एका दांड्याचा. माहेरच्या इमारतीत नळ अंगणात होता आणि घर तिसऱ्या मजल्यावर. एका मजल्याला अकरा-अकरा पायऱ्यांचे दोन टप्पे, मध्ये चौकोनी वळण. ती सात वर्षांची, ताई अकराची. बादलीच्या कडीतून दांडा घालायचा, एक टोक एकीने धरायचं, दुसरं दुसरीने, आणि भरलेली बादली सहासष्ट पायऱ्या चढवून वर न्यायची. "तू पुढे हो, रस्ता दाखव," ताई म्हणायची. जणू काही जिन्याला चार फाटे फुटलेले होते! धाकटी ऐटीत पुढे व्हायची. रस्ता दाखवायची. जिन्यावर दांडा तिरपा व्हायचा, पुढे असलेली उंचावर, मागे असलेली खाली, आणि कडी दांड्यावरून घसरत घसरत खालच्या बाजूला जायची, ताईच्या मुठीला जाऊन भिडायची. हे कसं काय इतकी वर्षं डोक्यात आलं नव्हतं? तोच तर तिचा धंदा होता. कुठल्या टोकाला किती वजन येतं हे ती झोपेतही सांगू शकली असती. वर पोचेपर्यंत ताईचा फ्रॉक पोटापासून गुडघ्यापर्यंत ओलाचिंब, कारण बादली तिच्याच अंगाला घासत वर आलेली असायची. धाकटीचा कोरडा. आणि आई दारातच ताईला धारेवर धरायची. "एवढी घोडी झालीस, धड बादली आणता येत नाही? ती बघ धाकटी, एक थेंब न सांडता आणते!" ताई फ्रॉक पिळायची. आणि धाकटीला आपल्या कोरड्या फ्रॉकचा केवढा अभिमान वाटायचा! ते आठवून बसमध्ये तिच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. तिने मान वळवून शेजारच्या बाईकडे पाहिलं, आपण मोठ्याने काही बोललो की काय म्हणून. ती बाई पेंगत होती.

त्याच घरात, त्याच तिसऱ्या मजल्यावर आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्धांगाचा झटका आला आणि एक हात, एक पाय गेला. जीभ थोडी जड झाली पण धार गेली नाही. चार वर्षांत आई एकदाही खाली उतरली नव्हती. ताईचं लग्न झालं नाही. म्हणजे तिने केलं नाही, असं घरात म्हणायची पद्धत होती. ताई शाळेत शिकवायची, आईसाठी नोकरी सोडून घरी बसली. आईला कुशीवर वळवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर, सगळं एकटी. धाकटी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलेली. पंधरा दिवसांनी जायची, फळं न्यायची, औषधं न्यायची, आईच्या पायाला तेल लावायची. गेली की ताई म्हणायची, "आलीस? बस." निघाली की म्हणायची, "पोचलीस की फोन कर." ह्या दोन वाक्यांच्या मधे चार वर्षं गेली. आता त्याच इमारतीत तळमजल्यावरची एक जागा रिकामी झाली होती आणि घरमालक अदलाबदल करून द्यायला राजी झाला होता. सामान आधीच खाली गेलं होतं. आईला रविवारी न्यायचं होतं. दवाखान्याची माणसं स्ट्रेचर घेऊन एकदा येऊन गेली होती; त्यांचं स्ट्रेचर वळणावर अडकलं, आई तिरकी झाली, किंचाळली, आणि त्यांनी काखा वर केल्या. म्हणून ही खुर्ची. ऑफिसच्या फायलीवर जुन्या इमारतींसाठी वगैरे काहीबाही लिहिलेलं होतं, पण बैठकीची रुंदी, पाठीचा कोन, पट्ट्यांची लांबी, सगळं आईच्या मापाचं होतं. ताईला तिने फोनवर सांगितलं. मग ताई म्हणाली, "बरं झालं. तू फक्त ये. उचलायला माणसं आहेत." तेव्हा ते ऐकून धाकटीला हायसं वाटलं होतं. आता बसमध्ये तेच शब्द पुन्हा आठवले. चाळीस वर्षं ताई तिला हेच सांगत होती, तू फक्त ये, आणि चाळीस वर्षं ती फक्त जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री पन्नाशीचा, ओठांत कायम एक पेन्सिल, बोलायचं असलं की ती कानावर ठेवणार. "पट्टीची खीळ काढा," ती म्हणाली. "पट्टी घट्ट करून टाका. डोलायला नको." मिस्त्रीने पेन्सिल कानावर ठेवली. "मॅडम, पट्टी म्हणजे तर ह्या वस्तूचा जीव. ती घट्ट केली तर एकाने ढिलं सोडलं की दुसऱ्याच्या हाताला लगेच कळेल." "कळू दे." "कळू दे काय? बैठक कलेल! वर तुमची आई बसणार ना? का वाळूची पोती?" मिस्त्री खरं बोलत होता. आणि तिच्या मनात जे चाललं होतं ते तिला धड सांगता येत नव्हतं, सांगितलं असतं तर हा माणूस चांगलाच हसला असता. आपल्या हाताला कळावं एवढ्यासाठी आईला धोक्यात घालायचं? हा कुठला न्याय? मिस्त्रीने तिच्या तळव्यावरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं. मग खुर्ची उलटी केली, पट्टीखाली दोन बोटं घातली आणि म्हणाला, "असं करू. दोन बोटं कलू दे. त्याच्यापुढे जाणार नाही, दोन्ही बाजूंना अडसर ठोकतो. अडसराला लागली की टक् वाजेल. माणसाला इजा नाही, पण हाताला कळल्याशिवाय राहायचं नाही." "साहेब काय म्हणतील?" "साहेबांचा ग्लास सांडेल," मिस्त्री म्हणाला आणि पेन्सिल परत ओठांत धरली.

तीन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत काळ्या मुठीवर उभी राहत गेली. पहिल्या दिवशी खुर्ची उचलली आणि टक् झालं. रंगारी म्हणाला, "मॅडम, तुमच्या बाजूने." कुणी हसलं नाही, पण हसले असते तर बरं, असं तिला वाटलं. मूठ आवळायची नाही, एवढं एक साधायला तिला दोन दिवस लागले. बोटं आपोआप आवळायची. बोटांनाच वाटायचं की आपण काम करतोय. वेल्डर मोठा कमी बोलणारा माणूस; तो म्हणाला, "बोटं विसरा. टाच दाबा." टाच दाबली. तेव्हा कुठे पोटरीतून, मांडीतून, कमरेतून काहीतरी चढत चढत खांद्यापर्यंत आलं आणि खाली हाताला येऊन लोंबकळलं. म्हणजे वजन हे असं असतं तर! ते तळव्याला बोचत नव्हतं. ते सगळ्या अंगाला मागत होतं. पडद्यावरची काळी रेघ उठली, लाल-निळीच्या खांद्याला आली, आणि धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीला पुसलं आणि घामावर ढकललं. शनिवारी मिस्त्री म्हणाला, "उद्या मी येतो." "अहो, सुट्टीच्या दिवशी कशाला?" "माझे अडसर आहेत. माझ्यासमोर वाजले पाहिजेत."

रविवारी सकाळी नऊ वाजता ती तिसऱ्या मजल्यावर पोचली तेव्हा घर ओळखू येत नव्हतं. सामान गेलेलं, भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन, आणि मधोमध पलंगावर आई, केस विंचरून, धुवट साडीत, प्रवासाला निघाल्यासारखी. "ही का ती?" आई खुर्चीकडे बघून जड जिभेने म्हणाली. "पालखी म्हण की सरळ. चौघांच्या खांद्यावर जायची ती वेगळी असते ना?" "आई, गप्प बस," ताई म्हणाली. "काही अभद्र बोलू नकोस." "चार वर्षं गप्पच आहे." पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर मदतीला आला होता, चांगला आडदांड गडी. ताई आणि धाकटीने आईला पलंगावरून खुर्चीत घेतलं, पट्टे बांधले. मग प्रश्न आला की खाली कोण. जिना उतरताना खालच्या दोघांच्या अंगावर जास्त वजन येतं. ती माणसं खुर्चीकडे तोंड करून उलट्या पावली उतरणार. "खाली आम्ही," मिस्त्री म्हणाला. "छे," ताई म्हणाली, "मी तिला दिसले पाहिजे. ती माझाच खांदा धरते. नाहीतर भिते." आई म्हणाली, "मी कशाला भिते? हीच भिते." पण आईचा चालता हात तोवर ताईच्या खांद्यावर गेलेला होता. "मग दुसऱ्या बाजूला मी," धाकटी म्हणाली. "तू वर थांब. तुला झेपायचं नाही. तू फक्त..." "ताई, खाली मी." तिचा आवाज तिला स्वतःलाच चढलेला वाटला. ताईने तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत इतकं निरखून पाहिलं नसेल. "तुम्ही दोघी भांडून घ्या," आई म्हणाली, "मी तोवर इथेच बसते. मला कुठे घाई आहे?"

मिस्त्री पायऱ्या मोजत होता. त्याचा आणि ड्रायव्हरचा चेहरा आईच्या मागे वर, खाली ताई आणि धाकटी, शेजारी शेजारी, पाठीमागची प्रत्येक पायरी टाचेने चाचपत. "एक. दोन. तीन." टाच दाब, बोटं विसर. पहिलं वळण आलं, खुर्ची अलगद फिरली, जिथे स्ट्रेचर अडकलं होतं तिथून सुतासारखी निघाली, आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं होतं. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. आई इकडेतिकडे बघत होती. चार वर्षांनी जिना बघत होती. "इथला रंग गेला," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "हा कठडा मोडलाय का गं?" ताई म्हणाली, "हो, मोडलाय. दोन वर्षं झाली." ती आईकडे बघून हसत होती. तिचं ते नेहमीचं हसणं, ज्यातून कधी कुणाला काही कळलं नव्हतं. "छत्तीस," मिस्त्री म्हणाला. "सदतीस." टक्.

आवाज एवढासा होता. धाकटीला आधी वाटलं आपलंच चुकलं. तिने टाच दाबली, खांदा सोडला. पण वजन तिच्या हातून कुठे गेलं नव्हतं. ते तिच्याकडे आलं होतं. ताईच्या बाजूने सरकत, बैठकीवरून, पट्टीवरून, जणू कडी दांड्यावरून घसरत यावी तसं आलं आणि तिच्या मुठीला भिडलं. तिने ताईच्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरीफटक, मुठीवर आवळलेली, नखं आत रुतलेली. इतकी घट्ट पकड की कुणालाही वाटावं सगळा भार हीच पेलतेय. आणि हातात काही नव्हतं. ताईचा चेहरा तसाच, आईकडे बघून हसरा. फक्त वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. वर ड्रायव्हरला काही पत्ता नव्हता. मिस्त्रीने आवाज ऐकला होता, तो थबकून धाकटीकडे बघत होता. "अडतीस," त्याने हळूच म्हटलं. पहिल्या मजल्याला अजून सहा पायऱ्या होत्या, आणि मधे खुर्ची टेकवायला जागा नव्हती. धाकटीने दात आवळले. ताई आता म्हणेल, थांबा, असं तिला वाटत राहिलं. एकोणचाळीस. चाळीस. ताई म्हणणार नव्हती. ताई कधीच म्हणाली नव्हती, आणि आजवर तिला तसं म्हणायची गरज पडेल अशी एकही वस्तू कुणी केली नव्हती. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. पहिल्या मजल्याच्या सपाट जागेवर टाच टेकली तशी धाकटी म्हणाली, "थांबा. ठेवा खाली. माझा हात भरून आला."

खुर्चीचे पाय फरशीवर टेकले. ड्रायव्हर म्हणाला, "काही नाही, घ्या दम," आणि कठड्याला टेकला. ताई मुठीवरून हात काढायला गेली तर बोटं सुटेनात. तिने डाव्या हाताने ती एकेक करून सोडवली. सगळ्यांनी पाहिलं. आईनेही पाहिलं. "तुझा नाही," ताई म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. "तुझा कुठे भरून आला? माझा गेलाय. वर्ष झालं. नस दबलीय म्हणतात, खांद्यापासून. धरता येतं, उचलता येत नाही." "वर्ष झालं?" "म्हणून तर खाली जागा घेतली. मागे एकदा पलंगावरून घेताना ही माझ्या हातून..." ताई थांबली. "पडली?" धाकटीने विचारलं. आई म्हणाली, "पडले नाही. घसरले. दोघी तासभर जमिनीवर बसलो होतो." आणि मग, जिभेवर शब्द ओढून आणत, "मी हिला म्हटलं, धाकटीला बोलाव. ही म्हणते, ती लांब राहते." धाकटीला रडायला यायला हवं होतं, पण आला तो राग. ताईचा, आईचा, साहेबांच्या त्या काठोकाठ ग्लासाचा, आणि सगळ्यांत जास्त त्या सात वर्षांच्या पोरीचा, जी कोरडा फ्रॉक घालून आईसमोर उभी राहायची. "मला सांगायचं नाही?" ती म्हणाली. "काय सांगायचं?" ताई म्हणाली. "तू येत होतीस की." हे तिने टोमण्याने म्हटलं असतं तर सोसलं असतं. तिने अगदी मनापासून म्हटलं.

मिस्त्री खाकरला. मग त्याने, कुणाला काही न विचारता, माणसं बदलली. ड्रायव्हर खाली आला, ताईच्या जागी. ताई वर, धाकटीच्याच बाजूच्या मागच्या मुठीवर, डाव्या हाताने. आई म्हणाली, "आणि माझा खांदा?" "माझा धर," धाकटी म्हणाली. आईचा चालता हात आडवा आला. कोरडा, हाडकुळा, वाटलं होतं त्यापेक्षा जड. तो आधी खांद्यावर नुसता टेकला, जागा अनोळखी असल्यासारखा, मग त्याने हाड शोधलं आणि गच्च धरलं. खुर्ची उचलली. "पंचेचाळीस," मिस्त्री म्हणाला. "शेहेचाळीस." आईच्या खांद्यावरून ताईचा चेहरा दिसत होता, ओठ मिटलेले, मान ताठ. आणि धाकटीला तळव्यात कळलं की काहीतरी कमी येतंय. ताई वरून ओढून धरत होती. हात गेलेला, नस दबलेली, तरी उरलेल्या हाताने शक्य तेवढं वजन आपल्याकडे घेत होती, ते जिन्याच्या खालच्या बाजूला घसरू नये म्हणून. "ताई," धाकटी म्हणाली, "सोड." "सोडलंय." "नाही सोडलंस." "अगं, नुसता हात लावलाय." "मला कळतंय, ताई. सोड." ताईने तिच्याकडे पाहिलं. आईची बोटं खांद्यात रुतली. खुर्ची एका पायरीवर थांबून राहिली, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ताईने डोळे मिटले. टक् वाजलं, बैठक दोन बोटं कलली आणि थांबली, आणि सबंध वजन खाली आलं.

धाकटीने टाच दाबली. "सत्तेचाळीस," मिस्त्री म्हणाला.